जिन्यातला वास

निवृत्तीने ट्रंकेतली साडी काढली, घडी न मोडता नाकाला लावली आणि परत ठेवली. डांबरगोळ्यांचा वास होता. दुसरी काढली. तिलाही तोच. तळातली तिसरी ओढत असताना दारात नागुबाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात झाडू होता.

"काय शोधून राहिलास रे?"

"काही न्हाई. चादरी."

"चादरी त्या दुसऱ्या पेटीत हायत. ह्या महामायाच्या साड्या हायत. मीच गोळ्या टाकल्या त्यात मागच्या टायमाला. न्हाईतर कसर लागली असती."

"हाव," तो म्हणाला आणि झाकण लावले.

नागुबाई त्याची थोरली बहीण. रविवारी त्याच्या बायकोचे, महामायाचे, पहिल्या वर्षाचे पुण्यानुमोदन होते, म्हणून ती हिमायतनगरहून चार दिवस आधीच आली होती. भंतेजी येणार होते, गल्लीतली माणसे जेवायला होती. आल्यापासून ती घर झाडत होती आणि बोलत होती. दोन गड्यांनी घराचा उकिरडा केला आहे, कपबशांना चहाचा रंग चढला आहे, गाद्यांना ऊन माहीत नाही. निवृत्ती ऐकून घेत होता. घरात बाईमाणसाचा आवाज होता, ते त्याला बरे वाटत होते.

साड्यांचा वास गेला त्याबद्दल तो बहिणीला काही बोलला नाही. तिने चांगल्यासाठीच केले होते. शिवाय वास तसाही कमी होत चालला होता. सुरुवातीला ट्रंक उघडली की तो तोंडावर येई, गरम लोण्याचा, मागून थोडी जळकी साखर. ट्रंक उघडली की तेवढा वास बाहेर जातो हे त्याच्या ध्यानात आले आणि तो ती उघडेनासा झाला. तरी गेलाच.

पण जिन्यात तो होता.

गच्चीवर जाणारा जिना घरातूनच होता. मधे वळण होते आणि वळणावर एक लहान खिडकी. दिवाळीनंतर एकदा टाकीचे पाणी बघायला वर जाताना निवृत्ती त्या वळणावर थांबला होता. वास तोच होता. आठवडाभराने पुन्हा आला. मग अधूनमधून येत राहिला. मेलेले माणूस परत येत नाही हे तो लहानपणापासून शिकला होता. गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायला लागले तेव्हा विहारात उभे राहून त्यानेच तसे सांगितले होते. त्यामुळे हा वास कशाचा, हे त्याने स्वतःला विचारले नाही. त्याने फक्त खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. दुपारी तो पेपर घेऊन वळणाच्या पायरीवर बसू लागला.

"जिन्यात बसून पेपर वाचायला तू मांजर हायस व्हय?" नागुबाईने आल्या दिवशीच विचारले होते.

"थंड वाटतं तिथं."

"थंडीत थंड पायजे तुला. गाद्या वर टाक आधी, मग बस थंड होत."

आता ट्रंक लावून झाल्यावर तो गाद्यांकडे वळला. एक गुंडाळून त्याने डोक्यावर घेतली आणि जिना चढू लागला. वळणावर वास आला. नेहमीसारखा शिळा नव्हता. ताजा होता, जाड होता, कोणी आत्ता पातेल्याचे झाकण काढावे तसा. निवृत्तीचे पाय थांबले नाहीत. गादी डोक्यावर होती म्हणून असेल. तो वर गेला.

टाकीच्या आडोशाला विनोद पाठमोरा उभा होता. त्याचा मुलगा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता आणि आज त्याची सुट्टी होती. त्याच्या डोक्यावरून पांढऱ्या वाफेचा लोट वर गेला आणि विरला. सिगारेटचा धूर असा विरत नाही. वारा गच्चीवरून जिन्याच्या दाराकडे वाहत होता आणि वास त्याच्याबरोबर येत होता.

निवृत्तीने गादी कठड्यावर टाकली. आवाजाने विनोद वळला. त्याच्या मुठीत खडूएवढी काळी कांडी होती. मूठ खिशात गेली.

"गादी," निवृत्ती म्हणाला.

"आणा, मी पसरतो."

"टाकली."

विनोदने घसा खाकरला. निवृत्ती खाली उतरला. वळणावर वास अजून होता. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला. खालून नागुबाईने दुसऱ्या गादीसाठी हाक मारली तेव्हा निघाला.

*

महामाया औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होती. मक्याच्या लाह्यांना आणि बिस्किटांना लावायचा मसाला तिथे तयार होई. लोणी त्या कारखान्यात कुठेच नव्हते. लोण्याचा वास होता, पिंपात भरलेला, पिवळसर पाण्यासारखा पातळ. तो गरम तेलात ओतून ढवळायचा आणि मग मिठात मुरवायचा. ढवळायचे काम बायकांकडे होते.

प्रत्येक घाणा झाला की सुपरवायझर महामायाला बोलवी. ती पिंपाचे झाकण उचले, चेहरा आत नेई आणि दीर्घ श्वास घेई. मग सांगे, जरा कमी पडलंय, किंवा हे जळलंय, पुढं पाठवू नका. तिचे कधी चुकत नसे. बायका तिला नाक म्हणत. "नाकाला बोलवा गं," अशी हाक कारखान्यात ऐकू येई. तिला ते आवडे. त्याआधी ती सिमेंटच्या पाट्या उचलत होती आणि तिथे तिला नाव विचारणाराही कोणी नव्हता. कारखान्याने तोंडाला बांधायला मास्क दिले होते. ती तो हनुवटीवर ओढून ठेवी. मास्क लावून वास कसा घ्यायचा?

संध्याकाळी वास तिच्याबरोबर घरी येई. रिक्षातली लेकरे तिच्या पिशवीकडे बघत. विनोद लहान होता तेव्हा ती आली की डोळे मिटून तिच्या पदरात तोंड खुपसायचा आणि आज काय होते ते ओळखायचा. बटर. व्हॅनिला. आज दोन्ही. बरोबर आले की ती म्हणायची, माझं नाक गेलंय ह्याच्यावर.

मग तिला खोकला लागला. पुढे दम लागू लागला. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना ती जिन्याच्या वळणावर बसायची, बादली मांडीजवळ ठेवून, आणि म्हणायची, तुम्ही व्हा पुढं. नांदेडच्या डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. पंपाने फरक पडेना तेव्हा निवृत्ती तिला हैदराबादला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरने फोटो बघितले आणि आधी सिगारेटचे विचारले, मग चुलीचे. मग काम काय करता म्हणून विचारले. निवृत्तीनेच सांगितले, नाकाची गोष्टही सांगितली, थोड्या कौतुकाने. डॉक्टरने हातातले पेन खाली ठेवले. तो म्हणाला, हा वास पोटात गेला तर काही होत नाही, पोट पचवते. पण गरम होऊन श्वासातून वर्षानुवर्षे आत गेला तर फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना व्रण पडू शकतात आणि त्या आकसत जातात. आकसलेल्या नळ्या पुन्हा उघडत नाहीत. ह्यांना त्यामुळेच झाले असे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण ते काम आधी बंद करा.

परतीच्या गाडीत महामाया खिडकीशी बसली होती.

"खायच्या वस्तूनं कुणी मरतंय का?" ती म्हणाली. "गावभर लेकरं लाह्या खाऊन राहिलेत."

निवृत्ती हाव म्हणाला. ती कामावर जात राहिली, जमेनासे झाले तोपर्यंत. पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. शेवटी शेवटी नाकात ऑक्सिजनची नळी असतानाही सांगायची. त्या नाकाकडे बघून तिच्याशी वाद घालणे त्याला जमले नाही. लोकांनी काय झाले होते म्हणून विचारले की तो दमा म्हणे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोद आंघोळीला गेला तेव्हा निवृत्तीने खुंटीवरच्या पँटच्या खिशातून ती कांडी काढली, रुमालात गुंडाळली आणि इतवाऱ्याच्या बाजाराकडे निघाला.

मकसूदचे तिथे बेकरीच्या सामानाचे दुकान होते. इसेन्स, खायचे रंग, टुटीफ्रुटी, केकचे डबे. दोघे एका शाळेत होते. पुढे निवृत्ती एसटीच्या डेपोत मेकॅनिक झाला आणि मकसूद वडिलांच्या गादीवर बसला.

"जयभीम निवृत्तीभाऊ. केक करून राहिले की काय?"

"सलाम. हे काय हाय, बघा बरं."

मकसूदने रुमाल उघडला. कांडी बघून त्याने निवृत्तीकडे बघितले.

"हा शौक कधी लागला?"

"मला न्हाई."

"तेच म्हटलं. ह्या उमरमध्ये मानूस बिडीवर येतो, यावर जात न्हाई." त्याने कांडीचे टोक नाकाशी नेले. "बटर हाय. मागून थोडा व्हॅनिला. भाभी असत्या तर दुरूनच सांगितलं असतं त्यांनी."

"हाव," निवृत्ती म्हणाला. "सांगितलं असतं."

मकसूदने स्टूल पुढे सरकवले आणि निवृत्ती त्यावर बसला.

"तुम्ही विकता तेच असतंय का यात?"

"तेच का दुसरं काही, अल्ला जाने. नाव न्हाई, गाव न्हाई. बंदीचा माल हाय हा, चोरून येतो. त्यात काय घातलं ते त्याच्यावर कोण लिहिणार?" मकसूदने कांडी परत रुमालात ठेवली. "पोरं माझ्याकडं बी येतेत. चाचा, बटर द्या, पातळ द्या, तेलातलं नको. मी पहिल्यांदा विचारलं, केक केवढा करायचा हाय? तर हसायला लागले, वढायला पायजे म्हणे."

"दिलं?"

"पहिल्यांदा दिलं. मला काय म्हाईत? आता संपलं म्हणून सांगतो." त्याने मागच्या फळीवरची एक बाटली काढून समोर ठेवली. "हे बघा, खाण्यासाठी म्हणून लिहिलंय. मैद्यात दोन थेंब टाका, भट्टीत घाला, खा. माझी नातवंडं खातेत. छातीत वढा असं कुठं लिहिलंय का?"

बोलता बोलता त्याने बूच काढले आणि बाटली निवृत्तीपुढे धरली.

"हाच का, बघा."

निवृत्तीचे डोके पुढे झुकले. मग त्याने मकसूदच्या हातातले बूच घेतले आणि बाटलीवर लावले. घट्ट फिरवले.

"हाच हाय," तो म्हणाला.

*

ऊन उतरले तशी नागुबाईने त्या दिवशीही उन्हात टाकलेल्या गाद्या खाली आणायला सांगितल्या. विनोद दुकानातून लवकर आला होता. सकाळपासून त्याने घर दोनदा धुंडाळले होते आणि आत्याने दोनदा विचारले होते की काय हरवलंय. तो बापामागून गच्चीवर आला.

"पप्पा, माझ्या खिशातली एक वस्तू..."

निवृत्तीने रुमाल काढला आणि गादीवर ठेवून उघडला. कांडी दोघांच्या मधे पडून राहिली. विनोद गादीच्या काठावर बसला.

"सिगारेट न्हाई ती," तो म्हणाला. "सिगारेट सोडली मी. आई हैदराबादला होती तेव्हाच. रोज पाकीट लागायचं मला, तुम्हाला म्हाईत न्हाई."

"म्हाईत होतं."

"हे व्हेप हाय. नुसती वाफ. आत खायचाच वास असतोय."

"कोण म्हनलं?"

"सगळेच म्हणतेत. आईच म्हणायची की. खायच्या वस्तूनं कुणी मरतंय का?"

खाली नागुबाई शेजारणीला भाजीचा अंदाज सांगत होती. तिचा आवाज वरपर्यंत येत होता.

"बसला डिझेल लागतं," निवृत्ती म्हणाला. "टाकीत घाल, बस हैदराबादला जाऊन येती. तेच डिझेल हवेच्या वाटेनं आत जाऊ दे, इंजिन खलास. डिझेल तेच."

"मी काय एसटी हाय व्हय?"

"न्हाई. एसटीचे पार्ट मिळतेत."

विनोद हसला. हसता हसता त्याला खोकला आला. तो लगेच थांबलाही. निवृत्तीने तो पूर्ण ऐकून घेतला.

"हाच वास का घेतलास? दुसरे असतील."

"लई असतेत. आंबा, पुदिना, टरबूज. दुकानदारानं समदे दाखवले." विनोद गादीचा सुटलेला टाका बोटाने ओढत होता. "मी डोळे मिटून घेत होतो, एकेक. हा आला तेव्हा..."

टाका आणखी उसवला.

"वर लई कमी वढतो मी," विनोद थोड्या वेळाने म्हणाला. "काल तुम्ही घरात होते म्हणून इथं आलो. न्हाईतर तुम्ही बाहेर गेले की जिन्यात बसतो. वळणावर. आई बसायची तिथं." मग तो म्हणाला, "तुम्हाला म्हाईत होतं न्हवं?"

"न्हाई."

"खिडकी तुम्हीच लावून घेत होते ना? मी उघडायचो, तुम्ही लावायचे. मग मी बी उघडायचं सोडलं. मला वाटलं, तुम्हाला बी पाहिजे."

निवृत्ती कठड्याला टेकून उभा होता. तो दुसऱ्या गादीजवळ गेला, तिची गुंडाळी करू लागला, अर्ध्यात थांबला.

"तुझ्या आईला दमा न्हवता," तो म्हणाला.

विनोदने वर बघितले.

निवृत्तीने हैदराबादचे सांगितले. डॉक्टर जेवढे बोलला होता तेवढेच. बारीक नळ्या, व्रण, आकसणे. छातीठोक सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणाला होता, तेही त्याने गाळले नाही. काम आधी बंद करा म्हणाला होता, ते सांगितले. सांगायला फार वेळ लागला नाही.

"पण आई तर म्हणायची," विनोद म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणायची."

"हाव."

"मग?"

निवृत्ती गुंडाळलेल्या गादीवर हात ठेवून उभा राहिला. दोरी नव्हती, म्हणून दाबून धरावी लागत होती.

"तुझी आई चुकली," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने तिला कधी म्हटले नव्हते. तिच्या पाठीमागेही नाही.

"नाक बरोबर होतं तिचं," तो म्हणाला. "नाक कधी चुकलं न्हाई. ते खायचं हाय, बाधत न्हाई, ह्यात चुकली."

विनोदने तोंडावरून हात फिरवला.

"मग जिन्यात काही राहणार न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

निवृत्तीने गादी उचलून डोक्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी धरली. विनोद उठला. त्याने कांडी उचलली, मुठीत धरली, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग पुढे येऊन ती बापाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि दुसरी गादी आवरायला वाकला.

निवृत्ती जिना उतरू लागला. वळणावर त्याने गादी उतरवून भिंतीला उभी केली. वास होता, कालचा, अंगाला लागेल एवढा. त्याने खिडकीची कडी ओढली. ती निघेना. तळहाताने खालून दोनदा ठोकली तेव्हा निघाली आणि खिडकीचा दरवाजा बाहेरच्या भिंतीवर आपटला.

"काय पडलं रे?" खालून नागुबाई ओरडली.

"काही न्हाई आक्का. खिडकी."

"उघडलीस का? बरं केलंस. किती कोंदट झालं होतं तिथं."

मागून विनोद गादी घेऊन उतरत आला आणि दोन पायऱ्या वर थांबला, कारण वाट अडली होती. निवृत्ती बाजूला झाला नाही. विनोदनेही सरका म्हटले नाही. बापलेक तसेच उभे राहिले. खिडकीतून वारा आत येत होता.

थोड्या वेळाने शेजारी कोणाच्या तरी घरी कांद्याची फोडणी पडली आणि तिचा वास जिन्यात आला. तेव्हा निवृत्तीने गादी उचलली.